‘अल्जीरिया म्हणजे नुसती वाळू’: एका फॉरवर्डची झाडाझडती

केशरी वाळूच्या टेकड्या, त्यांवर पांढऱ्या बर्फाचे पट्टे, आणि खाली लांबलचक मजकूर. हिवाळा आला की हा फॉरवर्ड कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. मजकुराचा गोषवारा असा: उत्तर आफ्रिकेतल्या अल्जीरियाचा ८० टक्के भाग सहारा वाळवंट आहे, तिथे पाऊस पडत नाही, वर्षभर पन्नास डिग्री तापमान, लोक अरब, तंबूत राहणारे, उंटावर हिंडणारे, तेल सापडलं नसतं तर देश उपाशी मेला असता, आणि अशा ठिकाणी आता बर्फ पडतोय म्हणजे प्रलय जवळ आला.

यातला ८० टक्क्यांचा आकडा खरा आहे. सगळा घोळ त्या खऱ्या आकड्यानेच केला आहे.

‘८० टक्के देश वाळवंट’

आहे, किंबहुना थोडा जास्तच. अल्जीरियाचं क्षेत्रफळ जवळजवळ २३.८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे सात महाराष्ट्र मावून वर जागा उरेल. २०११ मध्ये सुदानची फाळणी झाली आणि हा आफ्रिकेतला सर्वांत मोठा देश ठरला. पण लोकसंख्या साडेचार कोटींच्या थोडी वर, आणि त्यातले सुमारे ९० टक्के लोक उत्तरेच्या पट्ट्यात, देशाच्या जेमतेम आठव्या हिस्स्यात राहतात. जमिनीची टक्केवारी माणसांना चिकटवली की चित्र उलटंपालटं होतं. सर्वसाधारण अल्जीरियन माणसाच्या वाट्याला वाळवंट येत नाही. येतो तो भूमध्य समुद्र, नाहीतर त्यामागचा डोंगर.

किनाऱ्याला समांतर ‘तेल अ‍ॅटलास’ नावाच्या डोंगररांगा (या ‘तेल’चा खनिज तेलाशी संबंध नाही), त्यांच्या मागे उंच पठारं आणि त्यांवरची ‘शोत’ नावाची खारी, उथळ तळी, मग सहारन अ‍ॅटलासचे डोंगर, आणि त्यांच्याही पलीकडे सहारा. राजधानी अल्जीयर्स अक्षांशाने श्रीनगरच्याही उत्तरेला आहे. दक्षिणेतलं तमनरासेत मात्र जवळपास इंदूरच्या अक्षांशावर. या दोन शहरांमधला रस्ता दोन हजार किलोमीटरच्या घरात जातो. एवढ्या देशाला एकच हवामान देणाऱ्याने नकाशा उघडलेला नाही, इतकं नक्की.

‘पाऊस पडत नाही’

अल्जीयर्समध्ये वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस होतो. आपल्या माण-खटावला इतका मिळाला तर लोक पेढे वाटतील. पूर्व किनाऱ्यावर जिजेलच्या बाजूला तर हजारापर्यंत जातो. फरक वेळेचा: तिथला पावसाळा हिवाळ्यात, ऑक्टोबर ते एप्रिल, आणि जून ते ऑगस्ट कोरडे ठाक. या पावसावर सीडर आणि बुचाच्या ओकची जंगलं उभी आहेत. त्यांत माकडं आहेत, आणि बाबोर डोंगरावर १९७५ मध्ये सापडलेला एक छोटा नटहॅच पक्षीही आहे, जो अल्जीरियाबाहेर कुठेच आढळत नाही.

१० नोव्हेंबर २००१ ला अल्जीयर्सच्या बाब-एल-उएद भागात डोंगरउतारावरून चिखलपाण्याचे लोंढे घुसले आणि सुमारे सातशे माणसं गेली. ‘पाऊस पडत नाही’ हे त्या वस्तीत जाऊन सांगून बघावं.

‘वर्षभर पन्नास डिग्री’ आणि तो बर्फाचा फोटो

पन्नास डिग्री होतात. वार्गला शहरात जुलै २०१८ मध्ये ५१.३ अंशांची नोंद झाली. पण ते जुलैमध्ये आणि सहारात. सहाराकडून सुटणारा ‘शहिली’ वारा उन्हाळ्यात किनाऱ्यालाही भाजून काढतो, तेही खरं. मात्र जानेवारीत अल्जीयर्समध्ये स्वेटर लागतो, हजार मीटरच्या वर वसलेल्या सेतीफमध्ये बर्फ पडतो आणि जुर्जुरा डोंगरातल्या तिक्ज्दाला लोक स्कीइंगला जातात.

आता फोटो. तो बनावट नाही. ऐन-सेफ्रा गावाजवळचा आहे, आणि हे गाव आहे सुमारे हजार मीटर उंचीवर, सहारन अ‍ॅटलासच्या कुशीत. वाळूही आहे, डोंगरही आहे. भूमध्य समुद्रावरून थंड, ओलसर हवेचा लोट खाली उतरला की इथे बर्फ पडू शकतो. डिसेंबर २०१६ मध्ये पडला तेव्हा ‘३७ वर्षांनी बर्फ’ असे मथळे जगभर झळकले. मग जानेवारी २०१७, २०१८, २०२१ असा परत परत पडला, पण मथळ्यातली नवलाई काही कमी होईना. दुपारपर्यंत वितळणाऱ्या या थराचा प्रलयाशी संबंध लावायची गरज नाही. हवामानबदलाची झळ या देशाला बसतेच आहे, ती अगदी उलट्या बाजूने: आटलेली धरणं, नळाला दिवसाआड पाणी, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये उत्तरेतल्या तिझी-उझूच्या डोंगरात पेटलेले वणवे. पण जळलेल्या ऑलिव्हच्या बागांचा फोटो कोणी ‘निसर्गाचा चमत्कार’ म्हणून पुढे ढकलत नाही.

‘वाळवंट म्हणजे वाळू, तिथे काही पिकत नाही’

सहाराचा साधारण चौथा हिस्साच वाळूच्या टेकड्यांचा आहे. बाकी खडकाळ पठार, गोटे आणि खडीचं मैदान. दक्षिणेचा होग्गार हा ज्वालामुखीतून घडलेला डोंगराळ मुलूख. त्यातलं ताहात शिखर २,९०० मीटरच्या वर, म्हणजे कळसूबाईपेक्षा सव्वा किलोमीटर उंच. हिवाळ्याच्या रात्री तिथे पाणी गोठतं. सहारातल्याच ताश्शिली-न-अज्जेर पठाराच्या कातळांवर गुरांचे कळप, जिराफ, पाणघोडे रंगवलेले आहेत, कारण हजारो वर्षांपूर्वी हा प्रदेश खरोखरच गवताळ होता.

आणि पिकतं कसं, ते बघायचं तर सहारातल्या तुआत भागातल्या मरूद्यानांत जावं लागेल. तिथल्या पाण्याच्या व्यवस्थेला ‘फोग्गारा’ म्हणतात. उंचावरच्या भूजलापर्यंत एक बोगदा खणायचा, त्याला अगदी हलका उतार द्यायचा, वर ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी ठेवायच्या, म्हणजे गाळ काढता येतो. पाणी आपल्या वजनाने वाहत कित्येक किलोमीटर खाली वस्तीपाशी येतं. पंप नाही, मोट नाही. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी ही जुनी भूमिगत पाणीवाहिनी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे तंत्र लगेच कळेल. एकाच घराण्यातलं आहे.

खरी गंमत पाणी बाहेर आल्यावर. ते एका दगडी, फणीसारख्या दाते असलेल्या अडथळ्यावर येतं आणि प्रत्येक खाचेतून एकेका हिस्सेदाराचं पाणी वेगळं होऊन त्याच्या बागेकडे जातं. खाच किती रुंद, हे ठरवायला पाणी मोजणारा माणूस असतो. त्याच्याकडे भोकं पाडलेला तांब्याचा पत्रा. तो प्रवाहात धरायचा, नको ती भोकं ओल्या मातीने बुजवायची, पाण्याची पातळी स्थिर होईपर्यंत थांबायचं, आणि किती भोकांतून पाणी वाहतंय ते मोजायचं. हिस्से वहीत नोंदलेले असतात. ते वारसाने मिळतात, विकता येतात, भाड्याने देता येतात. म्हणजे सातबारा आहे, फक्त जमिनीऐवजी पाण्याचा. २०१८ मध्ये युनेस्कोने या पाणी-मोजणाऱ्यांच्या विद्येला तातडीने जपण्याजोग्या वारशाच्या यादीत घातलं. कारण उघड आहे: खोल बोअर मारले की फोग्गारा आटतो, आणि तो आटला की मोजणाऱ्याचं कामच उरत नाही.

सहारातल्याच एल-उएद जिल्ह्याची कथा याच्या नेमकी उलट. तिथे लोक वाळूत मोठाले खड्डे करून तळाशी खजूर लावत, म्हणजे मुळं थेट भूजलाला भिडतात. मग खोल थरातलं पाणी उपसून शहराला मिळालं, सांडपाणी जायला वाट नव्हती, वरच्या थराची पातळी चढली आणि खड्ड्यातल्या बागाच्या बागा बुडून मेल्या. भर सहारात, पाणी जास्त झालं म्हणून. आज हाच जिल्हा देशात बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. तो बटाटा ज्या खोल पाण्यावर येतो ते फार सावकाश भरतं, त्यामुळे हा चमत्कार किती दिवस चालेल याबद्दल मला शंका आहे. पण ‘काही पिकत नाही’ हे खोटंच.

‘लोक अरब, तंबूत राहणारे’

चारांतले तिघे अल्जीरियन शहरात राहतात. अल्जीयर्सची मेट्रो २०११ मध्ये सुरू झाली, मुंबईच्या आधी. विद्यापीठांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. उंट आहेत, जसे आपल्याकडे बैलगाडे आहेत. म्हणून कोणी महाराष्ट्राला बैलगाड्यांचा देश म्हणत नाही.

‘अरब’ हा शब्दही पुरत नाही. इथले मूळ रहिवासी अमाझिग, ज्यांना बाहेरचे बर्बर म्हणत आले. डोंगरकड्यांवर गावं वसवणारे कबाइल, औरेस डोंगरातले शावी, घर्दायाच्या आसपास पाच दगडी गावं बांधून राहिलेले मोझाबी, आणि दूर दक्षिणेला तुआरेग, ज्यांच्यात चेहरा पुरुष झाकतात. फुटबॉलपटू झिनेदिन झिदानचे आईवडील कबाइल. अरबी भाषा आणि इस्लाम सातव्या शतकापासून आले आणि रुजले, बहुतेक कुटुंबांत दोन्ही रक्तं मिसळली. तरी स्वतंत्र देशात अमाझिगांच्या तामाझिग भाषेला जागा मिळायला वेळ लागला: १९८० मध्ये तिझी-उझूत मोठं आंदोलन झालं, २००२ मध्ये ती राष्ट्रीय भाषा ठरली, २०१६ मध्ये अधिकृत. अमाझिग नववर्षाची, १२ जानेवारीची, सरकारी सुट्टी २०१८ पासून आहे.

‘तेल नसतं तर उपाशी मेले असते’

हासी-मेसऊदला तेल सापडलं १९५६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, इथला गहू रोमला जात होता, इ. स. १०० च्या सुमारास वसवलेल्या तिमगाद या रोमन शहराचे आखीव रस्ते अजून दिसतात. फ्रेंचांच्या काळात तर हा जगातला सर्वांत मोठा वाइन निर्यातदार देश होता, अर्थात त्या द्राक्षमळ्यांचा नफा बहुतांशी युरोपीय वसाहतवाल्यांच्या खिशात गेला.

मात्र या मुद्द्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. निर्यातीतला सुमारे ९० टक्के पैसा वर्षानुवर्षं तेल आणि वायूतूनच आला, आणि आज अल्जीरिया जगातल्या मोठ्या गहू-आयातदारांपैकी एक आहे. १९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर होती. ती चौपट झाली, उत्तरेची शेतजमीन तेवढीच राहिली, आणि हिवाळ्याचा पाऊस चुकला की पठारावरचा गहू त्या वर्षी गेलाच. वायूच्या पैशातून ब्रेडचे दर कमी ठेवायचे हे तिथल्या सरकारांचं जुनं गणित आहे. तेलाचा भाव पडला की ते बिघडतं. त्यात वाळूचा दोष नाही.