फ्रेमवर्क लिहिताय ना? मग सगळं गळ्यात बांधा

फ्रेमवर्क म्हणजे इतरांनी आपले प्रोग्राम ज्यावर उभे करायचे तो तयार सांगाडा, आणि लायब्ररी म्हणजे त्यात जोडायचा दुसऱ्याने लिहिलेला कोड. यातली कोणती लायब्ररी सक्तीची ठेवावी आणि कोणती ऐच्छिक, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर एकदा मोंढ्यात चक्कर मारून या. पेरणीच्या तोंडावर डीएपीचं पोतं मागणाऱ्याला दुकानदार सांगतो, सोबत ही सूक्ष्म अन्नद्रव्याची पिशवी न् ही बाटली घ्यावी लागेल, नाहीतर डीएपी शिल्लक नाही. याला लिंकिंग म्हणतात. कृषी खातं दर खरिपात कारवाईचे इशारे देतं आणि दर खरिपात ते चालतं. तुम्हाला तर इशारा द्यायलाही कोणी येणार नाही. मग लाजता कशाला?

समजा, उदगीरच्या एका आडतदाराला हिशोबपट्टी छापायची आहे. सोयाबीनचं वजन, भाव, हमाली, तोलाई, उचल वजा, हाती रक्कम. त्याला डेटाबेसचा ड्रायव्हर आणि प्रिंटर एवढंच पुरतं. पण तुमच्या फ्रेमवर्कने त्याच्या जुन्या विंडोज मशीनवर ईमेल, आलेख, क्लाउड साठवण आणि पीडीएफसाठी अख्खा ब्राउझर उतरवलाच पाहिजे. नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये, लिहीत असाल तर ब्राउझर चालवून पीडीएफ काढणारा पपेटिअर सक्तीचा करा, तो इन्स्टॉल होतानाच क्रोम ओढून आणतो. पपेटिअर-कोअर नावाचं वेगळं पॅकेज आहे. ते काही ओढत नाही, मशीनवर आधीच असलेलं क्रोम वापरतं. डॉक्युमेंटेशनमध्ये त्याचं नाव काढू नका.

सक्तीचं पुण्य संकटकाळी कळतं. जावा प्रोग्रामची नोंदवही, म्हणजे लॉग, लिहिणारी लॉग फोर जे ही लायब्ररी आठवा, डिसेंबर 2021 मध्ये तिच्यात भगदाड सापडलं. लॉगमध्ये आलेला मजकूर वाचून लायब्ररीने परक्या सर्व्हरवरून कोड आणून चालवावा, ही मागणी किती जणांची होती? तरी हे करणारं जेएनडीआय लुकअप गाभ्याच्या जारमध्येच, म्हणजे लायब्ररीच्या मुख्य फाईलमध्येच, होतं, आणि चालू होतं. ज्यांना लगेच आवृत्ती बदलणं शक्य नव्हतं ते जार फाईल झिपसारखी उघडून त्यातला लुकअपचा तो एक क्लास, म्हणजे कोडचा तुकडा, उपटून काढत बसले. 2.16.0 मध्ये जेएनडीआय मुळातच बंद ठेवण्यात आलं. हे आधीच केलं असतं तर लोकांना तो महिना सुखाने झोपता आलं असतं, पण लायब्ररीचं नाव एवढं घरोघरी पोचलं नसतं. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवाल्यांनी मात्र घोळ घातला. त्यांनी लॉगबॅक ही दुसरी लॉग लायब्ररी नेहमीची ठेवली आणि लॉग फोर जे 2 साठी वेगळा स्टार्टर, म्हणजे मागून घ्यायचं पॅकेज, दिला. त्यामुळे ज्यांनी तो मुद्दाम निवडला नव्हता ते वाचले, आणि ज्यांनी निवडला होता त्यांना आपण काय घेतलंय हे माहीत होतं. गिऱ्हाईकाला इतकी माहिती असणं बरं नव्हे.

त्याहून सुंदर नमुना फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडचा. मार्च 2024 मध्ये 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे चोरून शिरायची मुद्दाम ठेवलेली वाट, सापडलं आणि त्याचा नेम होता दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचच्या सर्व्हरवर. आता ओपनएसएसएच, म्हणजे हा सर्व्हर देणारा प्रोग्राम, एक्सझेडची लायब्ररी वापरतच नाही. पण काही लिनक्स वितरणांना सर्व्हर चालू झाला की सिस्टिमडीला, म्हणजे मशीनवरच्या सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामला, तसं कळवायचं होतं, म्हणून त्यांनी त्यात लिबसिस्टिमडी ही त्याची लायब्ररी जोडली. लिबसिस्टिमडीला जर्नलच्या, म्हणजे लॉगच्या, फायली दाबायला एक्सझेडची लायब्ररी लागायची, म्हणून तीही सोबत आली. कळवायचं काय होतं? एका सॉकेटवर ‘मी तयार आहे’ एवढी एक ओळ! पुढे ओपनएसएसएचने 9.8 मध्ये ते काम स्वतःच लिहून टाकलं, कुठलीही लायब्ररी न जोडता. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतोय याची खाज सुटली म्हणून हे उघडकीला आलं. तुमच्या फ्रेमवर्कला चालू व्हायलाच चाळीस सेकंद लागू द्या. म्हणजे अर्धा सेकंद कोण मोजतो?

काही आगाऊ पोरं तरीही मेव्हनमध्ये, म्हणजे जावाच्या लायब्ररी गोळा करणाऱ्या साधनात, एक्सक्लूजन लावून तुमची लायब्ररी वगळतील. त्यावर उपाय सोपा आहे. गाभ्यातल्या एखाद्या क्लासच्या स्टॅटिक ब्लॉकमध्ये, म्हणजे क्लास पहिल्यांदा वापरताच चालणाऱ्या भागात, त्या लायब्ररीला नुसता हात लावून ठेवा. कंपाइल बिनबोभाट होईल आणि चालवताना क्लास सापडला नाही म्हणून आपटेल. पोरगं मुकाट्याने एक्सक्लूजन काढेल.

आणि समजा लोकांनी फारच ओरड केली, ऐच्छिक करणं भागच पडलं? मग असं करा की पुन्हा कोणी मागणार नाही. दहा गोष्टी ऐच्छिक केल्या की प्रत्येकीचं असणं-नसणं धरून 1024 वेगवेगळे संच होतात. तुम्ही टेस्ट एकाच संचाची चालवा, सगळं काही घातलेल्या. एकही ऐच्छिक पॅकेज नसलेल्या कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चाचण्या लावणं हे पहिलं पथ्य म्हणतात, ते पाळू नका. पायथन असेल तर इम्पोर्ट ट्राय-एक्सेप्टमध्ये, म्हणजे चूक झेलणाऱ्या रचनेत, गुंडाळा आणि एक्सेप्टमध्ये काहीच लिहू नका.

याचं फळ बघायचं असेल तर पायथनच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीने मराठी अक्षरं चित्रात उमटवून बघा. देवनागरीची जुळणी रॅक्म ही लायब्ररी करते आणि रॅक्मला फ्रिबिडी ही आणखी एक लायब्ररी लागते. पिलोच्या तयार व्हीलमध्ये, म्हणजे इन्स्टॉल करायच्या पॅकेजमध्ये, रॅक्म येते, फ्रिबिडी मात्र मशीनवर असेल तरच चालवताना उचलली जाते. तुमच्या लिनक्स लॅपटॉपवर ती आहे, म्हणून पट्टी झकास. आडतदाराच्या विंडोजवर ती डीएलएल, म्हणजे लायब्ररीची फाईल, नाही, म्हणून पिलो न बोलता साध्या जुळणीवर उतरतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते आणि निलंग्याच्या शेतकऱ्याच्या पट्टीवर ‘नलिंगा’ छापून येतं. किल्लारीचं काय होतं ते विचारूच नका, तिथं जोडाक्षरही फुटतं. एरर नाही, लॉग नाही. आकडे बरोबर असतात, त्यामुळे आडतदाराला वाटतं फॉन्ट बिघडला, आणि तो आठवडाभर फॉन्ट बदलत बसतो.

रॅक्म आहे का, हे पिलोला एका ओळीत विचारता येतं. ती ओळ प्रोग्रामच्या सुरुवातीला घालून ‘फ्रिबिडी सापडली नाही, मराठी छपाई बिघडेल, ही फाईल या फोल्डरात टाका’ असा निरोप दाखवायचा मोह तुम्हाला होईल. आवरा. आडतदाराचा पुतण्या पाच मिनिटांत फाईल टाकून मोकळा होईल, मग वर्षाच्या मेंटेनन्सचा करार तुमच्याशी कोण करणार?