एव्हिनचं फाटक आणि आपल्या टाळ्या

आज सकाळी आमच्या जुन्या ग्रुपवर पुन्हा तो व्हिडिओ आला. तेहरानमधल्या एव्हिन तुरुंगाचं फाटक उडतं, धुराचा लोट उठतो आणि वर कोणीतरी मराठीत लिहिलंय, 'इराणच्या बायकांना अखेर कोणी सोडवलं ते बघा.' खाली टाळ्या. ओळीने टाळ्या. टाळ्या वाजवणारे परके असते तर मी फोन बाजूला ठेवून कामाला लागले असते. पण ही आपली माणसं आहेत. दाभोलकरांच्या खुनानंतर ओंकारेश्वराच्या पुलावर ज्यांच्या शेजारी उभी राहिले, ती. म्हणून लिहितेय.

व्हिडिओ खरा की बनवलेला, यावरही शंका आहेत. इस्रायलचे बॉम्ब मात्र खरे होते. 2025 च्या इस्रायल-इराण युद्धात, 23 जूनला, सोमवारी भर दुपारी, कैद्यांना भेटायला घरचे लोक येतात त्या वेळी पडले. इराणच्या न्यायखात्याने सुरुवातीला 71 मृत्यू झाल्याचं सांगितलं. त्यात तुरुंगाचे कर्मचारी आहेत, सक्तीच्या लष्करी नोकरीतली कोवळी पोरं आहेत, कैदी आहेत, भेटायला आलेले नातेवाईक आहेत, शेजारच्या वस्तीतले लोक आहेत. इस्रायलच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यावर स्वातंत्र्याचा जयजयकार करणारी पोस्ट टाकली आणि आपण ती पुढे ढकलली.

आत कोण होतं, हे विचारलं का कोणी?

रझा खंदान आत होते. वकील नसरीन सोतुदेह यांचे पती. त्यांचा गुन्हा म्हणजे बिल्ले. 'माझा हिजाबसक्तीला विरोध आहे' असं लिहिलेले, छातीवर लावायचे छोटे बिल्ले. त्याच बिल्ल्यांपायी डॉ. फरहाद मेयसामी यांनी 2018 पासून साडेचार वर्षं तुरुंगात काढली. आंदोलकांच्या फाशा थांबवा म्हणून त्यांनी उपोषण केलं आणि 2023 च्या फेब्रुवारीत त्यांचे फोटो बाहेर आले. बरगड्या मोजता याव्यात असा देह. तो फोटो आपल्या ग्रुपवर आला होता? मला तरी आठवत नाही. पखशान अझिझी आत होती, कुर्द समाजसेविका, फाशीची शिक्षा डोक्यावर असलेली. या बायकांना 'सोडवलं' म्हणजे काय केलं, तर बॉम्बनंतर सरकारने त्यांना उचलून कार्चकच्या तुरुंगात नेऊन कोंबलं, जिथे धड पाणी नाही की धड हवा नाही. पुरुष कैद्यांना बेड्या घालून दुसऱ्या तुरुंगात हलवलं. याला सुटका म्हणायचं?

मला राग कशाचा येतो ते नीट सांगते. 1979 पासून इराणची माणसं, आणि त्यातही बायका, बहुतांशी हत्याराशिवाय या मुल्लांच्या राजवटीशी लढताहेत. बाहेरच्या जगाला मात्र ती फक्त दोन रूपांत दिसतात. एकतर बिचारी, वाट बघत बसलेली. नाहीतर कोणाची तरी प्यादी.

2009 सालची गोष्ट. मी पुण्यात कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत एका जुन्या घरात पेइंग गेस्ट होते. खोलीत जोडीला तेहरानची मुलगी होती. तेव्हा पुण्यात इराणी विद्यार्थी खूप असायचे. तिचं नाव लिहीत नाही, तिच्या घरचे अजून तिकडेच आहेत. 12 जूनला तिथे अध्यक्षपदाची निवडणूक झाली, अहमदीनेजाद जिंकल्याचं जाहीर झालं आणि 'माझं मत कुठे आहे?' असे कागद हातात धरून लाखो लोक रस्त्यावर आले. 15 जूनचा तो मोर्चा घोषणांशिवाय निघाला होता. इन्किलाब चौकापासून आझादी चौकापर्यंत माणसंच माणसं, तोंडं बंद.

आणि रात्री गच्च्यांवर. आपल्याकडचे अकरा म्हणजे तिकडे दहा. त्या वेळी तिच्या आईचा फोन लागायचा. बोलणं काहीच नाही, आई फोन खिडकीबाहेर धरायची. ही स्पीकर लावून जमिनीवर बसायची. पलीकडून, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाणारा आवाज यायचा, 'अल्लाहू अकबर'. शेकडो माणसांचा. मध्येच एखाद्या लहान पोराचा.

आमच्या घरमालकीण मावशी पहिल्या रात्री जिना चढून वर आल्या. रात्री अकराला भाडेकरूंच्या खोलीतून 'अल्लाहू अकबर' ऐकू येतंय म्हटल्यावर कोणीही येईल. दारातच, 'हे काय चाललंय गं?' तिने मोडक्या हिंदीत सांगितलं की आंटी, हे सरकारच्या विरुद्ध ओरडताहेत. मावशींना कळेना, मलाही कळेना. मुल्लांच्या विरुद्ध 'अल्लाहू अकबर'? मग ती सांगत बसली. तिची आई तरुणपणी याच गच्चीवरून तेव्हाच्या राजाच्या, शहाच्या विरुद्ध हेच ओरडली होती. या सरकारचा जन्मच त्या आरोळीतून झाला. आता हे ओरडणाऱ्याला पकडणार तरी कोणत्या गुन्ह्याखाली?

मावशी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, 'आम्ही गोरेगावला असताना मृणालताई गोऱ्यांच्या महागाईविरोधी आंदोलनात थाळ्या वाजवल्या होत्या. रात्री. सगळ्या चाळीने एकदम.' आणि विचारलं, 'हिची आई एकटीच आहे का गच्चीवर?'

ट्विटरवर न गेलेली, इराण नकाशात दाखवता आला नसता अशी ती बाई दोन मिनिटांत सगळं समजली. आणि त्याच आठवड्यात जगभरची वर्तमानपत्रं काय लिहीत होती? 'ट्विटर क्रांती'. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ट्विटरला दुरुस्तीचं काम पुढे ढकलायला सांगितलं, तीच मोठी बातमी. जणू कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने तेहरानला जागं केलं! गच्चीवर उभं राहायला ॲप लागत नाही हो. गळा लागतो, आणि खाली बसीजवाले, म्हणजे राजवटीच्या निमलष्करी दलाचे लोक, मोटरसायकलवरून घरं हेरत फिरत असताना ओरडायची छाती लागते. 20 जूनला नेदा आगा-सोल्तान गोळी लागून रस्त्यातच गेली. त्या रात्री मावशी झोपल्या नाहीत. सकाळी चहा घेऊन वर आल्या आणि पहिला प्रश्न, 'काल ओरडल्या का सगळ्या?' ओरडल्या होत्या.

आता ग्रुपवरचा एक फोटो. तो तर दर महिन्याला येतो. डावीकडे 1970 च्या दशकातल्या, स्कर्ट घातलेल्या, हसणाऱ्या तेहरानच्या मुली. उजवीकडे डोक्यापासून पायापर्यंत काळ्या चादरीतल्या बायका. 'काय होतं आणि काय झालं!' फोटो खोटा नाही. पण एव्हिन बांधला कोणी? शहाने. त्याची सावाक ही गुप्त पोलीस यंत्रणा तिथेच लोकांचे हाल करायची. त्याच शहाच्या बापाने 1936 मध्ये हिजाबबंदीचं फर्मान काढलं, तेव्हा पोलीस भररस्त्यात बायकांच्या डोक्यावरून चादरी ओढून काढत होते. कितीतरी जणींनी घराबाहेर पडणंच सोडलं. म्हणजे एकाने ओढून काढली, दुसऱ्याने ओढून घातली. बाईला विचारलं कोणी?

ज्यांना विचारलं नाही त्या गप्पही बसल्या नाहीत. मार्च 1979. क्रांती होऊन महिना झालेला नाही, क्रांतीचे नेते खोमेनींनी सरकारी कचेऱ्यांत बायकांना हिजाब लागेल असं सांगितलं आणि 8 मार्चला, महिलादिनी, हजारो बायका तेहरानच्या रस्त्यांवर उतरल्या. बर्फ पडत होता. पुढे कित्येक दिवस त्या उतरत राहिल्या. माझ्या खोलीतल्या मुलीची आई त्यात होती. शहाच्या विरुद्ध गच्चीवर ओरडलेली बाई, आणि महिन्याभरात खोमेनींच्या विरुद्ध रस्त्यावर. फोटोच्या डावीकडेही ती नाही आणि उजवीकडेही नाही. तिला या फोटोत जागाच नाही.

नंतरचंही सांगते, कारण आपल्याला 2022 आणि महसा अमिनी एवढंच ठाऊक असतं. 2006 मध्ये बायकांनी दहा लाख सह्यांची मोहीम काढली. घटस्फोट, वारसा, साक्ष, अपघाती मृत्यूची भरपाई, सगळीकडे कायद्याने बाई कमी, ते बदला म्हणून. सह्या कुठे गोळा केल्या? बसमध्ये, ब्यूटी पार्लरात, बागांमध्ये. चादर घेतलेल्या, नमाजी बायकांशी बोलून त्यांच्याही सह्या घेतल्या. सही मागितली म्हणून तुरुंग झाला. 2017 च्या डिसेंबरात विदा मोवाहेद इन्किलाब रस्त्यावर एका पेटाऱ्यावर चढली, डोक्यावरचा पांढरा रुमाल काठीला बांधला आणि नुसती उभी राहिली. मागून दुसऱ्या चढल्या. त्यांची वकीलपत्रं घेतली म्हणून नसरीन सोतुदेहना 33 वर्षं आणि 148 फटके. फटके! एकविसाव्या शतकात मी हा शब्द टाईप करतेय.

आणि जिना, म्हणजे तीच महसा अमिनी, हिजाब नीट नाही म्हणून 2022 मध्ये पोलिसांनी पकडल्यावर कोठडीत गेलेली. तिच्या घरचं नाव जिना, महसा कागदावरचं. सक्केझच्या कब्रस्तानात तिला पुरताना बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढून हवेत फिरवले आणि कुर्दी भाषेत घोषणा दिली, 'जिन, जियान, आझादी'. बाई, आयुष्य, स्वातंत्र्य. त्यानंतर पाचशेहून जास्त माणसं मारली गेली. मजीदरझा रहनवर्दला मशहदमध्ये क्रेनला लटकवून चारचौघांत फाशी दिली. आणि 2025 च्या जूनमध्ये तीच घोषणा, फारसीत, नेतन्याहूंनी म्हटली. बॉम्ब टाकता टाकता. हे ऐकून मला जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पॅरिस-वॉशिंग्टनमध्ये बसून, बॉम्ब पडत असताना 'आता रस्त्यावर उतरा' असं सांगणारे शहाचे पुत्र, युवराज रझा पहलवी, वेगळेच. आणि सद्दामच्या बाजूने स्वतःच्याच देशावर हत्यार उचललेल्या मुजाहिदीन-ए-खल्कच्या सभांना जाऊन यांनाच इराणचा 'विरोधी पक्ष' म्हणणारे अमेरिकेचे माजी मंत्री, तेही वेगळेच. ज्यांनी कधी हत्यार उचललं नाही, ते तुरुंगात असल्यामुळे अशा व्यासपीठांवर येऊ शकत नाहीत. मग कॅमेऱ्यापुढे उरतं कोण?

पण मंडळी, दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही सोडणार नाही. तुम्ही मोर्चात सगळ्यात पुढे असता, आणि इराण म्हटलं की घसा साफ करता. 'अमेरिकेच्या हातात कोलीत द्यायला नको.' 1953 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने मोसादेघ यांचं निवडून आलेलं सरकार पाडलं, हो, मान्य. पण त्याचं बिल 2022 मध्ये बावीस वर्षांच्या मुलीने का भरायचं? हफ्त तप्पेचे ऊस कामगार थकलेल्या पगारासाठी संपावर गेले, त्यांच्या पुढाऱ्यांना पकडून मारहाण केली. तेहरानच्या बसड्रायव्हरांची संघटना मोडली. शिक्षकांना आत टाकलं. कामगारांचं इतकं बोलता, यांच्याबद्दल एक ओळ लिहिली का कधी? हिजाबसक्तीविरुद्ध बोललं की इथल्या मुसलमान मुलींना त्रास देणाऱ्यांना बळ मिळतं, ही भीती मला कळते. खरी आहे. इथल्या मुलीचा हिजाब शाळेच्या दारात काढायला लावणारा आणि तिथल्या मुलीला तो घालायला लावणारा, मला दोघांतही एकच माणूस दिसतो. मग दोन्ही बोलू या ना. एक बोलायचं म्हणून दुसरं गिळायचं कशाला?

(हे लिहिताना आवाज चढलाय, कळतंय मला. पण खोडत नाही.)

अहिंसेने अजून राजवट पडलेली नाही, हेही खरंच. आणि बाहेरच्या जगाने ओरडा केला म्हणून काही जीव वाचले. तूमज सालेही या रॅपरला 2024 मध्ये फाशी सुनावली होती, ती रद्द होऊन वर्षअखेरीस तो सुटला. त्यात बाहेरच्यांचा वाटा असणारच. मी तेच म्हणतेय की ओरडा, पण त्यांच्या शब्दांत. मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या नर्गिस मोहम्मदींना 2023 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा त्या एव्हिनमध्येच होत्या, ओस्लोला त्यांची जुळी मुलं गेली. शिरीन इबादी पूर्वी न्यायाधीश होत्या, क्रांतीनंतर बाई म्हणून त्यांना त्याच कोर्टात कारकून केलं, त्यांना 2003 चं नोबेल. या दोघींनी आणि चित्रपट दिग्दर्शक जाफर पनाहींसारख्यांनी युद्धाच्या पहिल्या दिवसांतच निवेदन काढलं. युद्ध थांबवा, युरेनियमचं समृद्धीकरण थांबवा, आणि या राज्यकर्त्यांनी पायउतार व्हावं. तिन्ही एका दमात. नर्गिसबाईंना 2024 च्या डिसेंबरात फक्त उपचारांसाठी तात्पुरतं सोडलं होतं. कधीही परत नेतील हे माहीत असून त्यांनी सही केली. हे निवेदन आपल्या ग्रुपवर आलं नाही, फाटक आलं.

मावशी आता नाहीत. माझी मैत्रीण दुसऱ्या देशात आहे, आई तिकडेच. युद्धात इंटरनेट बंद होतं तेव्हा कित्येक दिवस तिला आईचा आवाज मिळाला नाही. परवा मिळाला. आई म्हणाली, वरून बॉम्ब आणि खाली बसीज, आता गच्चीवरही जाता येत नाही. आणि युद्धानंतर धरपकड सुरू झाली. हेरगिरीचे आरोप, भराभर फाशा. बॉम्बनी राजवटीला हेच हातात दिलं, ज्याला हवं त्याला देशद्रोही म्हणायची सोय.

'मग उपाय काय?' असं खाली कमेंटमध्ये येणारच, म्हणून आत्ताच लिहिते. तो मी किंवा तुम्ही शोधायचा नाहीये, त्यांनी सांगितलाय. मीर हुसेन मुसावी 2011 पासून नजरकैदेत आहेत, एकेकाळी याच राजवटीचे पंतप्रधान. त्यांनी 2023 मध्ये मागितलं की सार्वमत घ्या आणि नवी राज्यघटना लिहा. 2024 च्या जानेवारीत केझेल हेसार तुरुंगातल्या कैद्यांनी दर मंगळवारी फाशीविरुद्ध उपास सुरू केला, तो 2025 पर्यंत चाळीसहून जास्त तुरुंगांत पोचला. ते मागताहेत की फाशा थांबवा. पखशान अझिझीची शिक्षा 2025 च्या मध्यातही कायम होती. तिच्या नावाने लिहा, आपल्या खासदारांना लिहा, तेहरानशी आपल्या सरकारचं बोलणं असतं, तिथे तिचं नाव घ्या म्हणा. मी आज माझं पत्र पाठवलंय. मजकूर पहिल्या कमेंटमध्ये टाकते, हवा तसा बदलून घ्या.