रिच्युअल्स सगळे होणार आहेत ना?

लग्नाची तारीख ठरली, हॉल मिळाला, की पुढचं काम शब्दांचं. घरात विधी, संस्कार, कुळाचार, रीत, सोपस्कार असे बरेच जुने शब्द पडून असतात. ते आधी माळ्यावर टाका आणि त्यांच्या जागी एकच शब्द आणा : रिच्युअल. वजनाला हलका, कशालाही लागतो, आणि उच्चारताना आपण त्या भानगडीपासून चार पावलं लांब उभे आहोत असं दिसतं. ‘उद्या देवक बसवायचंय’ म्हटलं की लगेच चौकशी सुरू होते. तुमचं देवक कुठलं? पंचपालवी आणली का? बसणार कोण? ‘उद्या सकाळी काही रिच्युअल्स आहेत’ म्हटलं की सगळे गप्प. फार तर नाश्त्याला काय आहे, एवढंच विचारतात.

शब्दाची जुजबी माहिती मात्र हाताशी असू द्या, कारण लग्नात एखादा खवचट मामा असतोच. मूळ लॅटिन ‘रितुस’. इंग्रजीत त्याचं कुटुंब मोठं आहे. राइट म्हणजे प्रत्यक्ष विधी. रिच्युअल म्हणजे तो कोणत्या क्रमाने आणि कसा करायचा याची ठरलेली पद्धत. सेरेमनी म्हणजे त्यानिमित्त होणारा समारंभ. मुंजीत बटूच्या गळ्यात जानवं पडतं आणि कानात गायत्री मंत्र जातो, तो राइट. पुण्याहवाचनापासून भिक्षावळीपर्यंतचा क्रम, ते रिच्युअल. तीनशे पान उठलं, ती सेरेमनी. याखेरीज आपल्याकडे फंक्शन आहे, म्हणजे ज्याला वेगळी साडी लागते ते. आणि इव्हेंट आहे, म्हणजे ज्याचं बिल जीएसटीसकट येतं ते.

आणखी छाप पाडायची असेल तर सांगा, की रिच्युअल हे पोथीचंही नाव असतं. रोमन कॅथलिक धर्मगुरूंनी बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी कसे करावेत याची पोथी पोप पाचवे पॉल यांनी १६१४ साली काढली, तिचं नाव ‘रितुआले रोमानुम’. आपल्या गुरुजींच्या पिशवीतल्या अशाच पोथीला ‘प्रयोग’ म्हणतात : विवाहप्रयोग, उपनयनप्रयोग. म्हणजे रिच्युअलला सगळ्यात जवळचा मराठी शब्द ‘प्रयोग’ हाच निघतो. पण तो वापरू नका. लोक तिकीट किती विचारतील.

आणि हो, ‘रिच्युअल हा शब्द आपल्या रीतवरूनच गेलाय’ असं ठोकून द्या. रीत आली संस्कृत ‘रीति’वरून, ‘री’ म्हणजे वाहणे या धातूपासून, आणि तिचा रोमशी काही संबंध नाही. पण फॅमिली ग्रुपवर धातू कोण तपासतो?

खरी अडचण क्रियापदांची आहे, आणि इथेच नवशिके घसरतात. मराठीत प्रत्येक धार्मिक गोष्टीला स्वतःचं क्रियापद आहे. पूजा मांडतात. घट बसवतात. घाणा भरतात, ओटी भरतात, बोडणही भरतात. गोंधळ घालतात, श्राद्ध घालतात. पाचवी पुजतात. लग्न लावतात आणि मुंजही लावतात, बारसं मात्र करतात. नवस बोलतात आणि नंतर फेडतात. ‘नवस केला’ म्हणणाऱ्याला फेडायचं आठवेलच याची खात्री नाही. हा सगळा संसार एका फटक्यात आवरायचा तर ‘रिच्युअल करणे’ हे रूप पुरेसं आहे. दरेक क्रियापदात काय करायचं ते सांगितलेलं होतं. ‘भरतात’ म्हटलं की काहीतरी भांडं लागणार, कशाने तरी भरायचं असणार, हे नव्या सुनेला न सांगता कळत होतं. ‘बोडण रिच्युअल’ म्हटल्यावर तिला काहीच कळत नाही, म्हणजे तिच्यावर दडपणही येत नाही. मग आयत्या वेळी कळतं, की चार सवाष्णी आणि एक कुमारिका लागते, पुरणपोळी लागते, दूध-दही-तूप-मध-साखर लागते, आणि हे सगळं काठवटीत हाताने कालवायचं असतं. तोपर्यंत कुमारिकेचा क्लास सुरू झालेला असतो.

लिंगाची काळजी करू नका. विधी मराठीत पुल्लिंगी : तो विधी झाला, ते विधी झाले. हिंदी मालिकांच्या कृपेने ‘सगळी विधी पार पडली’ हेही आता रुळलंय. रिच्युअलला तो, ती, ते काहीही चालतं. अनेकवचनाला ‘रिच्युअल्स’, आणि त्यावर आपला प्रत्यय : ‘रिच्युअल्सना उशीर होतोय.’

एका ठिकाणी मात्र भाषांतर टाळा. सकाळी उठून कोमट पाणी पिणं, तोंडाला सात थरांची क्रीम लावणं, याला हल्ली ‘मॉर्निंग रिच्युअल’ म्हणतात. हौसेने त्याचं मराठी करायला गेलात तर ‘प्रातर्विधी’ होतं. मग ‘माझा प्रातर्विधी पंचेचाळीस मिनिटं चालतो’ हे वाक्य क्रीमच्या डबीसह फोटो टाकून लिहू नये. लोक इसबगोल सुचवतात.

दुःखाच्या प्रसंगी शब्द आणखी जपून. इंग्रजी बातमीत अंत्यसंस्काराला ‘लास्ट राइट्स’ म्हणतात, म्हणून मराठीतही म्हणायची इच्छा होते. पण वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक शेजाऱ्याच्या लेखी हे विधी माणूस जिवंत असताना होतात : कबुलीजबाब, तैलाभ्यंग, शेवटचा प्रसाद. तुम्ही ‘काकांचे लास्ट राइट्स उद्या अकराला’ असं कळवलंत, तर तो बिचारा आजच इस्पितळ शोधत निघेल. शिवाय देवनागरीत ‘राइट्स’ म्हणजे विधी की हक्क हे कळत नाही, आणि जिथे इस्टेट आहे तिथे दुसराच अर्थ आधी सुचतो. दहाव्याला दहावा आणि तेराव्याला तेरावा म्हणावं. ‘तेराव्याचं फंक्शन’ म्हणणारी माणसं अस्तित्वात आहेत. पण तो शब्द साडीशी जोडलेला आहे, हे वर सांगितलंच.

आता लग्नाच्या दिवसाकडे येऊ.

हळद. तिला ‘हळदी’ म्हणायचं, हे सांगायला नकोच. पूर्वी ती आधी नवऱ्यामुलाला लागायची आणि त्यातली उरलेली, म्हणजे उष्टी हळद, मुलीकडे जायची. हल्ली दोघांना एकाच लॉनवर, एकाच झोपाळ्यात बसवून लावतात, त्यामुळे उष्टं कोणाचं हा प्रश्न मिटला. आंब्याच्या पानाने पाय, गुडघे, खांदे, डोकं असं बोटभर लावण्यात फोटो मिळत नाही, म्हणून परातभर लागते. नंतरचं एक सांगून ठेवतो : अंगावरच्या हळदीला साबण लागला की ती लालभडक होते. साबण अल्कधर्मी असतो. हळदीला चुना लावून कुंकू होतं तेही यामुळेच. अंघोळीला गेलेली नवरी अचानक किंचाळली तर डॉक्टर बोलावू नका. पाण्याने धुतलं की जातं. पांढरा कुडता मात्र कडक उन्हात दिवसभर टाका; हळदीचा डाग उन्हाला भितो, ड्राय क्लीनरला नाही.

देवक. हे फोटोजेनिक नाही. कोपऱ्यात बसतं, सजावटवाले त्याच्यावर पडदा सोडतात. पण एकदा नांदीश्राद्ध होऊन देवक बसलं की मध्येच सोयर-सुतक आलं तरी कार्य अडत नाही. आपल्या पूर्वजांनी काढलेला हा विमा, आणि प्रीमियम म्हणजे एक नारळ, थोडे तांदूळ, पानं. नंतर देवक उठवावं लागतं. ते कोणाच्याही यादीत नसतं, कारण यादी नवरा-नवरी हनिमूनला निघाले की संपते.

मंगलाष्टकं. इव्हेंटवाल्यांच्या कागदावर ‘रिच्युअल्स : ११.३० ते १२.००’ असं लिहिलेलं असतं आणि पत्रिकेत मुहूर्त असतो १२ वाजून १७ मिनिटांचा. हा फरक भरून काढायला आत्या असतात. आत्यांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणू द्यावंच. फक्त त्यांना आधी सांगा, की हे वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीला १९ अक्षरं. त्यातली शेवटची सात ‘कुर्यात् सदा मंगलम्’ खातं. म्हणजे त्या ओळीत आत्यांच्या वाट्याला १२ अक्षरं येतात, आणि त्यात वधू, वर, दोन्ही आडनावं आणि मुलाची पुण्यातली कंपनी बसवायची आहे. बसत नाही. मग ‘सॉफ्टवेअर’ला चाल लावताना श्वास तुटतो, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून येतात, आणि पहिली अक्षता मुहूर्ताच्या तीन मिनिटं आधीच कोणीतरी टाकतं.

होम. एसी हॉल ठरवताना होमाला परवानगी आहे का हे चुकूनही विचारू नका. मंडपावर धुराचा सेन्सर आहे का हेही नको. समिधा ओल्या निघतात, ज्वाळा धरायच्या आत हौशी सासरे पळीभर तूप ओततात, धूर होतो आणि अलार्म वाजतो. सनईवाला त्याच सुरात सूर मिळवतो. लाजाहोमाला लाह्या लागतात, पाव किलो पुरतात, नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत घालतो. यादीत नुसतं ‘लाह्या’ लिहिलंत तर वाण्याकडे पाठवलेला भाचा पॉपकॉर्न आणतो, आणि तो चीज फ्लेवरचा असण्याची शक्यता गृहीत धरा. ‘साळीच्या लाह्या’ असं लिहायचं असतं. पण मग साळ म्हणजे काय हे सांगावं लागेल, आणि त्यापेक्षा ‘होम रिच्युअल आयटम्स’ सोपं.

शेवटी सप्तपदी. हिला ‘सात फेरे’ म्हणा, सगळे म्हणतात. वास्तविक अग्नीभोवतीच्या प्रदक्षिणा वेगळ्या आणि सप्तपदी वेगळी. ती गोल नसतेच. तांदळाच्या सात राशी, प्रत्येकीवर सुपारी, आणि नवरीने उजवं पाऊल एकेकीवर ठेवत पुढे जायचं. साडेबारा-पाऊणला, अक्षता पडल्या पडल्या, लोक पंगतीकडे पळालेले असतात. सप्तपदीला मंडपात दोघं, गुरुजी, एक मामी आणि पेंगलेला व्हिडिओवाला उरतो. त्यामुळे वेळ वाचवायचा असेल तर कात्री इथेच लावा, कोणाच्या लक्षात येणार नाही.

फक्त सरकारच्या लक्षात येतं. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ७ : दोघांपैकी एकाच्या चालीरीतींप्रमाणे विधी व्हायला हवेत, आणि त्यांत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण व बंधनकारक होतं. म्हणजे तुमच्या सगळ्या रिच्युअल्समधला हा एक राइट असा, की ज्यावर राइट्स अवलंबून आहेत. १९६५ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात नवऱ्यावर दुसरं लग्न केल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, लग्न यथाविधी लागलेलं असायला हवं, आवश्यक विधीच सिद्ध होत नाहीत, आणि गृहस्थ सुटले. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने उलट बाजूने तेच सांगितलं : विधी न करता नुसता नोंदणीचा दाखला मिळवलेल्या जोडप्याचं लग्न झालेलंच नाही. नाचगाणं आणि खाणंपिणं म्हणजे लग्न नव्हे, हेही वर ऐकवलं. केटररना हा निकाल अजून कोणी वाचून दाखवलेला दिसत नाही.

तेव्हा व्हिडिओवाल्याला ड्रोन शॉट कमी सांगितलात तरी चालेल, पण सात पावलं पायांसकट, एकाच सलग शॉटमध्ये घ्यायला लावा. आणि राशी मंडपाच्या कडेला नका मांडू. हॉलवाले साडेतीनला ताबा घेतात, पुढच्या पार्टीचं रिसेप्शन असतं, आणि त्यांचा झाडूवाला दोनलाच कडेकडेने सुरुवात करतो.