कोबे बीफविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

जपानमधील महागड्या उपाहारगृहांत मिळणारे प्रत्येक वाग्यू (जपानी गोवंशाचे मांस) म्हणजे कोबे बीफच असते आणि त्या जनावरांना रोज बिअर पाजून मालीश केल्यामुळेच मांसात चरबीची जाळी तयार होते, असा एक संदेश सध्या फिरत आहे. हे दोन्ही दावे चुकीचे आहेत.

वाग्यूमध्ये जपानी गोवंशाच्या चार जाती येतात. कोबे हे नाव मात्र ह्योगो प्रांतात जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या व कापलेल्या ताजिमा वंशाच्या जनावराच्याच मांसाला, तेही चरबीच्या जाळीचा दर्जा १२ पैकी किमान ६ असेल तरच मिळते. या अटी १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कोबे बीफ संघटनेने स्वतः प्रसिद्ध केल्या आहेत. ती जाळी मुख्यतः आनुवंशिकता आणि धान्य व भाताच्या पेंढ्यावरील दीर्घ संगोपन यांतून येते. बिअर पाजणे ही तेथील रूढ पद्धत नाही. भाताच्या मुटक्यावर ठेवलेला या मांसाचा पातळ काप ज्योतीने जेमतेम शेकला, तरी त्याची चरबी वितळून भातावर चकाकते, कारण ती कमी तापमानालाच विरघळते. ही चव खरोखर असामान्य आहे, आणि तिचे श्रेय पिढ्यान्‌पिढ्या वंश जपणाऱ्या पशुपालकांना मिळायला हवे.

जपानमध्ये प्रत्येक जनावराला १० अंकी ओळख क्रमांक असतो. शंका असल्यास तो उपाहारगृहात निःसंकोच विचारावा. त्यावरून जनावराची जात आणि ते कुठे वाढले, हे सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.