शब्द नकोत, फोन बाजूला ठेवायची मुभा द्या

आमच्या ऑफिसने ‘डिजिटल वेलबीइंग’चं सत्र ठेवलं. कधी? शनिवारी सकाळी. सुट्टीच्या दिवशी, ऑनलाइन, कॅमेरा चालू ठेवायची सक्ती. आणि ‘सगळ्यांनी नक्की जॉइन व्हा’ हे सांगणारे मेसेज शुक्रवारी रात्री साडेदहापर्यंत येत होते. फोनचा ताण कसा कमी करावा हे सांगायला लोकांचा शनिवार खाल्ला. डोकं फिरेल नाही तर काय!

बरं, शिकवलं काय? इंग्रजी बोलायला. ‘आय डोन्ट हॅव द बँडविड्थ राइट नाऊ’, म्हणजे आत्ता मला सवड नाही. ‘लेट्स टेक धिस ऑफलाइन.’ ‘आय विल सर्कल बॅक टुमॉरो.’ शिवाय बाउंड्रीज सेट करा, नोटिफिकेशन बॅच करा, म्हणजे ठरावीक वेळीच एकत्र बघा, इनबॉक्स झीरो करा, रविवारी डिजिटल डिटॉक्स करा. मेसेज कमी पाठवा, असं दीड तासात एकदाही कुणी म्हणालं नाही. पाठवणारा मोकळाच. सगळं शहाणपण शिकायचं ते झेलणाऱ्याने.

त्या इनबॉक्स झीरोचंच घ्या. मर्लिन मान नावाच्या अमेरिकन लेखकाने ही कल्पना २००६-०७च्या सुमारास मांडली, तीही ईमेलपुरती. तेव्हा व्हॉट्सअॅपचा जन्मही झाला नव्हता, ते आलं २००९ साली. आणि त्याच्या बोलण्यातला शून्य हा न वाचलेल्या मेलांचा आकडा नव्हताच. माणसाचं डोकं त्या इनबॉक्समध्ये किती अडकून पडलंय, त्याबद्दल तो बोलत होता. आमच्याकडे त्याचा अर्थ काय लावला? सोमवारी सकाळी सगळ्या मेलांना उत्तर गेलेलं असलं पाहिजे. म्हणजे रविवारी रात्री बसा.

आणि ही वाक्यं वापरायची कुणापुढे? आमचे साहेब रात्री पावणेअकराला ‘क्विक क्वेश्चन’ म्हणून मेसेज टाकतात. खाली ‘नो रश’. सकाळी नवाच्या कॉलवर पहिलं वाक्य : ‘मी रात्रीच टाकलं होतं ना?’ मग दुपारी ‘जेंटल रिमाइंडर’. यात जेंटल काय आहे? एकाच कामासाठी मेल करायचा, मेल केलाय हे टीम्सवर, म्हणजे ऑफिसच्या चॅटवर सांगायचं, टीम्सवर उत्तर नाही म्हणून व्हॉट्सअॅपवर विचारायचं आणि तिथे निळ्या खुणा दिसल्या की ‘वाचलंस तर रिप्लाय का नाही?’ माझ्या टीममधल्या एका नव्या मुलीने शिकवल्याबरहुकूम ‘आय डोन्ट हॅव द बँडविड्थ’ लिहून पाहिलं. तिला वेगळ्या कॉलवर बसवून ‘अॅटिट्यूड’वर बौद्धिक दिलं गेलं. एवढीच त्या वाक्याची किंमत.

ऐरोलीहून ठाण्याला येणाऱ्या लोकलमध्ये बघा कधी. दिघा गाव गेलं तरी निम्म्या डब्याचा लॅपटॉप मांडीवर उघडाच. ठाण्याला उतरून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसलं की फोनवर कॉल सुरू. घरी पोचतो ते फक्त जेवायला.

आणि घरी तरी शांतता आहे का! शाळेच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला कळतं की उद्या मुलांना हिरवा टी-शर्ट घालून पाठवायचंय. त्याखाली ‘थँक यू मॅम’ची रांग. ही गोष्ट दुपारी ठरली नव्हती? चार दिवस आधी कळवता येत नाही? दुकानं बंद व्हायच्या वेळी आईबापांनी हिरवं कापड शोधत फिरायचं?

सोसायटीचा ग्रुप तर विचारू नका. सुप्रभात, फुलं, वाढदिवस, कुणाची गाडी कुणाच्या जागेत, केळीच्या वेफर्सची जाहिरात आणि या सगळ्याच्या मधे कुठेतरी ‘उद्या पाणी बंद’. फलकावर कागद लावायची पद्धत आमच्या कमिटीने मोडीतच काढली. ग्रुपवर टाकलं होतं, आता तुम्ही वाचलं नाही तर तुमचा दोष! लिफ्ट ज्यांच्यासाठी जीव की प्राण आहे अशा म्हाताऱ्या माणसांनी शुभेच्छांच्या ढिगातून लिफ्टच्या दुरुस्तीची वेळ शोधायची. मध्यंतरी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना तातडीने रक्त हवं होतं. तो मेसेज पार्किंगच्या भांडणाखाली गाडला गेला. शेवटी त्यांची मुलगी दारोदार बेल वाजवत फिरली, तेव्हा लोकांना कळलं, आणि मग माणसं पायात चपला सरकवून धावली. माणसं वाईट नाहीत हो. तिची हाक त्यांच्यापर्यंत पोचूच दिली नाही या कचऱ्याने. ते आठवलं की आजही संताप होतो.

‘म्यूट कर ना’ असं सांगणारे भेटतात. केलंय म्यूट. म्यूट केलेल्या ग्रुपवरही कुणी नाव घेऊन टॅग केलं की सूचना येतेच, आणि हे कळल्यापासून लोक ऊठसूट टॅग करतात. ग्रुप सोडला तर पाण्याचं कळणार कसं?

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७पासून, ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या फोन-मेलबद्दल कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४पासून कामाच्या वेळेबाहेर अशा फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत याचं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने आणलेलं विधेयक, मांडलं होतं : कामाची वेळ संपल्यावर फोन उचलला नाही म्हणून शिस्तभंगाची कारवाई करता येऊ नये. कायदा झाला नाही. डिसेंबर २०२५मध्ये पुन्हा मांडलं. संसदेने मंजूर केलेलं शेवटचं खासगी विधेयक १९७०चं आहे, तेव्हा कुणाच्या आशेवर बसायचं ते ठरवा.

पण साहेबांना रात्री आठनंतर मेसेज न टाकायला कुठला कायदा लागतो? मेल सकाळी नऊला जाईल असा वेळ लावून ठेवायची सोय त्यांच्याच लॅपटॉपमध्ये आहे. कमिटीला एक ग्रुप फक्त सूचनांचा करून त्यात फक्त अॅडमिनने लिहायचं, एवढं बटण दाबायला काय जातं? शाळेने पुढच्या आठवड्याचं सगळं शुक्रवारी दुपारी एका मेसेजमध्ये कळवावं. यातलं काहीही अवघड नाही. नको असतं, कारण मग पाठवणाऱ्याला आधी विचार करावा लागेल.

मी साहेबांना लेखी कळवलंय, मराठीतच : रात्री आठनंतर मी मेसेज बघणार नाही. खरंच आग लागली असेल तर नंबर फिरवा आणि फोन करा, मी उचलेन. कमिटीलाही तेच पत्र दिलंय, वर फलकावर कागद लावायची मागणी केलीय. पोच घेतलीय सहीशिक्क्यासकट.