शहर वाढवायचंय? मग आधी गाव पिळा

आपल्या शहराची लोकसंख्या वाढत नाही म्हणून टेन्शन आलंय? अहो सोपंय, मुंबईनं कसं जमवलं ते बघा आणि सरळ कॉपी मारा. १८७२ ला ६.४४ लाख माणसं, १९२१ ला पावणेबारा लाख, आणि त्यातली शंभरातली ऐंशीच्या वर बाहेर जन्मलेली, म्हणजे सगळा माल बाहेरनंच मागवलेला.

तर आधी शहराकडं बघूच नका. रत्नागिरीत भात पिकलं की गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताची अर्धेल, म्हणजे अर्धं पीक, जाऊदे, उरलंसुरलं सावकार नेऊदे, आणि अर्ध्या एकराच्या तुकड्यावर चार भाऊ राहूदेत. एवढं जमलं की अर्धं काम फत्ते. मग ताडदेवला एक गिरणी काढा, १८५४ ला कावसजी दावरांनी कंपनी काढली तशी, आणि कोकणातनं बोटी सोडा. जाहिरातीवर पैसे घालवू नका, गणपतीला गावी आलेला चाकरमानी कोरं धोतर नेसून ओटीवर बसला की बघणारे चार जण पुढच्या बोटीत असतातच.

भरती मुकादमावर सोडा. तो आपल्या गावची, आपल्या जातीची माणसं आणतो, वर त्यांच्याकडनंच दस्तुरी, म्हणजे आपलं कमिशन, खातो, आणि सकाळी गेटवर बदलीवाले उभे असतात, आज कोण कामावर आला नाही ते बघत. ही गर्दी जपा बरं का, ती आहे तोवर पगारवाढीचं नाव काढायची कुणाची हिंमत होत नाही.

घरं बांधायची? कशाला! एका गावचे वीसेक जण एका खोलीत, भिंतीला ट्रंका, त्यावर वळकट्या, नाही मावले तर गॅलरी, नाहीतर फुटपाथ आहेच की. जेवण खानावळवाली बघते, उधारीवर. बायकापोरं मात्र गावीच राहूदेत, म्हणजे बाळंतपण, आजारपण, म्हातारपण सगळं कोकणच्या खर्चात, तुमच्याकडं फक्त धडधाकट हात येतात. रविवारची सुट्टीही लगेच देऊन टाकू नका, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांना १८९० पर्यंत भांडूदे.

रिस्क एकच. १८९६ ला प्लेग आला आणि लोक पटापट गावी पळाले, गिरणीवाल्यांवर नाक्यानाक्यावर उभं राहून मजुरांसाठी बोली लावायची, रोजच्या रोज रोकडा मोजायची वेळ आली. १९०१ च्या खानेसुमारीत आकडा ७.७६ लाखांवर घसरला. पण घाबरू नका हो, १९११ ला परत ९.७९ लाख, खोत आणि सावकार कुठं प्लेगला घाबरून गाव सोडून गेले होते!