थांबा म्हटलं की थांबायला हवं

गर्भाशयाच्या दुर्बीण तपासणीत दुखणं कसं कमी करता येईल, यावरच्या संशोधनाचा एक लेख वाचून लगेच लिहायला बसले. माझी मोठी जाऊ सोलापुरात विडी घरकुलात राहते, विड्या वळते. पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं, म्हणून एका दवाखान्यात हिस्टेरोस्कोपी, म्हणजे हीच दुर्बीण तपासणी, केली. 'पाच मिनिटांचं काम, भूल लागत नाही,' एवढंच सांगितलं. बाहेर आली तेव्हा पदराचं टोक दातांनी चावून चोळामोळा झालं होतं. 'थांबा म्हटलं गं, कुणी ऐकलंच नाही,' म्हणाली.

लेखात एक गोष्ट राहिली. २०१९ साली ब्रिटनमधली जवळपास १६०० बायकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा ठेवणारं साधन) न घालता, गर्भाशयाचं तोंड चिमट्याने न धरता, नुसत्या सलाईनच्या प्रवाहाबरोबर दुर्बीण आत नेली. दुखणं कमी, वेळही कमी. इटलीच्या डॉ. बेतोक्कींनी ही पद्धत १९९७ मध्येच मांडली होती! वेगळं महागडं यंत्र लागत नाही, हात बसवावा लागतो. तासभर आधी वेदनाशामक गोळी देणं तर कुठेही जमेल.

पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला तर तपासणी टाळू नये, कॅन्सर आहे का ते बघावंच लागतं. पण आता माझी जाऊ दवाखान्याचं नाव काढलं तरी गप्प होते. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. या वेळी मी सोबत जाणार आहे आणि दुर्बीण कशी घालणार, गोळी कधी देणार, भूल हवी असेल तर मिळेल का, हे आधी विचारणार आहे.